श्रोत्याचा लोप : महामारी आणि संगीतरूपांची परीक्षा

१

शके १९४२ ची चैत्र शुद्ध प्रतिपदा २५ मार्च २०२० रोजी आली, आणि नेमक्या त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तमाशाच्या व्यवसायात या दिवसाचे महत्त्व किती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या योगायोगाचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तेथे येऊन आपापल्या यात्रेसाठी फड ठरवितात आणि सुपारी देतात. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम बुद्धपौर्णिमेपर्यंत चालत असला, तरी कमाईचे खरे दिवस चैत्र-वैशाखातील यात्रांचेच होत. पुढल्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले. ते सर्व निर्बंध उठले ते २०२२ च्या पाडव्याच्या तोंडावर. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, नाट्यगृहे निम्म्या आसनांवर उघडली होती खरी. परंतु यात्रेतील कनातीला निम्म्या आसनांचा हिशेब लागू पडत नाही. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, असे या कलेच्या बाबतीत महामारीचे मोजमाप करावे लागेल.

या काळाविषयी आता जे लिहिले व बोलले जाते, त्यात एक निष्कर्ष वारंवार आढळतो : कला थांबली नाही, तिने केवळ माध्यम बदलले. गायकांनी घरातून मैफली केल्या, वादकांनी दूरध्वनिसंचाच्या पडद्यावर श्रोते मिळविले, आणि संगीत टिकले. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. तो काही संगीतरूपांच्या बाबतीत खराही आहे. परंतु तो सर्वच संगीतरूपांना सरसकट लावला जातो, आणि तेथे तो तपासून घेणे अगत्याचे ठरते. कोणते संगीत टिकले, कोणते टिकले नाही, आणि हा भेद कशामुळे पडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

या प्रश्नाकडे जाण्यासाठी भाषाविज्ञानातील एक साधे साधन उपयोगी पडते. एखाद्या रचनेत अमुक घटक अनिवार्य आहे की ऐच्छिक, हे ठरवावयाचे असल्यास त्या घटकाचा लोप करून पाहतात. ‘मुलगा काल शाळेत गेला’ या वाक्यातून ‘काल’ काढला तरी वाक्य उभे राहते. ‘गेला’ काढल्यास जे उरते ते वाक्य नव्हे. संगीतसमीक्षकाला अशी परीक्षा सहसा करता येत नाही. गायक, साथीदार, श्रोता आणि स्थळ हे सारे एकाच वेळी हजर असतात, आणि त्यांपैकी कोणाचे काम काय याविषयी केवळ तर्क करता येतो. महामारीने ही परीक्षा समीक्षकाच्या इच्छेविरुद्ध आणि फार मोठ्या किमतीवर घडवून आणली. तिने सर्व संगीतरूपांतून एकच घटक एकाच वेळी वगळला, आणि तो घटक म्हणजे समोर बसलेला श्रोता.

मात्र ही परीक्षा प्रयोगशाळेतील नव्हे. म्हणून तिचे निकाल वाचताना दोन बाबतींत सावध राहावे लागते. पहिली बाब अशी की, श्रोता हा रचनेचा घटक असतो तसाच तो पैसे देणाराही असतो. तो नाहीसा झाला म्हणजे कलावंताचे पोट अडचणीत येते. ही हानी सर्वांचीच झाली. तेव्हा एखादा फड बंद पडला एवढ्यावरून त्या कलेच्या रूपाला श्रोता अनिवार्य होता, असे सिद्ध होत नाही. आर्थिक अवलंबन आणि रूपगत अवलंबन यांची गल्लत होता कामा नये.

दुसरी बाब कालगणनेची आहे. छत्रपती संभाजीनगर येथील वेरूळ-अजिंठा महोत्सव फेब्रुवारी २०२३ मध्ये सोनेरी महालाच्या परिसरात पुन्हा भरला, तेव्हा त्याला महामारीनंतरचे पुनरागमन समजणे सोपे होते. वस्तुतः हा महोत्सव २०१६ नंतर भरलाच नव्हता. म्हणजे त्याचा खंड महामारीच्या बऱ्याच आधी सुरू झाला होता. याउलट पैठणची नाथषष्ठीची यात्रा मार्च २०२० मध्ये रद्द झाली ती निखळ साथीच्याच भयाने. प्रत्येक शांततेचे पाप महामारीच्या माथी मारणे म्हणजे परीक्षाच निकामी करणे होय.

३

श्रोता हा रचनेचा घटक असतो, हे म्हणणे नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सिद्धींचे विवेचन आले आहे. त्यात मानुषी सिद्धीचे वाङ्मयी आणि शारीरी असे भेद केले आहेत. प्रेक्षकाचे स्मित, हास्य, ‘साधु’ असा उद्गार, ‘अहो’ असे आश्चर्य हे पहिल्या भेदात येतात. रोमांच, उठून उभे राहणे, वस्त्र किंवा अंगठी फेकणे हे दुसऱ्या भेदात. तमाशातील दौलतजादा ज्यांना केवळ ग्रामीण रांगडेपणा वाटतो त्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. प्रेक्षकाचा उद्गार आणि प्रेक्षकाचे दान ही दोन्ही तेथे प्रयोगाच्या यशाची अंगे म्हणून मोजली आहेत. आधुनिक काळात रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषेच्या सहा कार्यांची मांडणी केली. त्यांतले एक कार्य केवळ संपर्क राखण्याचे आहे. कथा सांगणाऱ्याला श्रोता ‘हूं’ म्हणून हुंकारा देतो, तेव्हा त्या हुंकाराला कोशगत अर्थ नसतो. तो थांबला की कथा मात्र थांबते.

मराठीत संगीताच्या प्रयोगाला जी नावे आहेत ती पाहिली असता हाच मुद्दा वेगळ्या वाटेने सिद्ध होतो. बैठक, मैफल, सभा, फड ही नावे मुळात गाण्याची नव्हेत. ती माणसांनी एकत्र येण्याची आणि एकत्र येण्याच्या जागेची नावे आहेत. गाणे चांगले झाले तर ‘मैफल जमली’ असे मराठी माणूस म्हणतो. येथे एक विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात साथरोग प्रतिबंधक कायदा लागू करण्यात आला. हा कायदा १८९७ चा, म्हणजे मुंबईतील प्लेगच्या वेळचा. त्यापाठोपाठ जे आदेश निघाले त्यांत ‘गर्दी’ आणि ‘जमाव’ हे दोन शब्द सतत येत राहिले. जमणे आणि जमाव ही मराठी बोलणाऱ्याच्या कानाला एकाच कुळातली रूपे होत. आरोग्याच्या दृष्टीने जो जमाव होता, त्याच्याच योगाने मैफल जमत होती. कायद्याने केलेली बंदी चुकीची होती असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. साथीच्या काळात ती आवश्यकच होती. परंतु कायद्याच्या शब्दकोशात श्रोत्यासाठी निराळा शब्द नव्हता, आणि त्यामुळे पुढल्या चर्चेतही श्रोत्याचे स्थान ‘प्रेक्षकसंख्या’ एवढेच उरले. संख्या ही टक्क्यांनी कमी-अधिक करता येते. घटकाचे तसे नसते.

४

ख्यालगायनावर ही परीक्षा लावून पाहिली असता निकाल बराचसा अनुकूल येतो. १९५३ पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबर २०२० मध्ये होऊ शकला नाही. तो पुन्हा भरला तो डिसेंबर २०२२ मध्ये. ही हानी श्रोत्यांची होती तशीच कलावंतांचीही होती. परंतु ख्यालाचे रूप त्यामुळे मोडले नाही. याचे कारण असे की, ख्यालाने श्रोत्यावाचून उभे राहण्याचा अभ्यास फार पूर्वीच केला होता. १९०२ मध्ये गौहरजान यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गाणे म्हटले, तेव्हाच समोरच्या श्रोत्याचा पहिला लोप घडला. पुढे आकाशवाणीच्या बंद खोलीत दोन पिढ्या गायल्या. राग, बंदिश, आलाप आणि तान यांचा आंतरिक न्याय इतका बळकट आहे की, दाद मिळाली नाही तरी रागाची चौकट ढळत नाही. विस्ताराची लांबी बदलते, एखादी जागा पुन्हा घेण्याचा मोह आवरला जातो, तिहाईनंतरचा क्षण रिकामा राहतो. तरी जे उरते त्याला ख्यालच म्हणावे लागते.

तथापि ख्यालाच्या बाबतीतही एक मर्यादा उघड झाली. गायक एका घरी आणि तबलावादक दुसऱ्या घरी बसून एकाच वेळी गातील-वाजवतील, ही कल्पना टिकली नाही. ध्वनी जाळ्यावरून प्रवास करताना विलंब लागतो, आणि हा विलंब सेकंदाच्या सुमारे तीन शतांशांपलीकडे गेला की लय एकत्र धरून ठेवणे कठीण होते. सामान्य जोडण्यांवर तो याहून पुष्कळच मोठा असे. यास्तव पुष्कळांना यांत्रिक तंबोरा व यांत्रिक ठेका यांचा आश्रय घ्यावा लागला. यंत्राचा ठेका अचूक असतो. पण तो ऐकत नाही. सभागृहातील श्रोता नसला तरी ख्याल उभा राहतो. शेजारी बसलेला, ऐकणारा साथीदार नसेल तर तो लंगडतो. म्हणजे ‘श्रोता’ या एका शब्दाखाली दोन घटक आहेत : समोरचा श्रोता आणि सहवादक श्रोता. हा भेद पुढील विवेचनाला आवश्यक आहे.

५

हा भेद अधिक स्पष्ट व्हावा यासाठी एका परकीय, परंतु मुंबईला अपरिचित नसलेल्या संगीताचा विचार उपयुक्त ठरेल. जॅझ हे तत्काळ-रचनेवर आधारलेले संगीत आहे, आणि प्रश्न-प्रतिप्रश्नाची लकब हा त्याचा मूळ स्वभाव आहे. या संगीतात समोरचा श्रोता किती दूरवर हात घालू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण ७ जुलै १९५६ च्या न्यूपोर्ट येथील जलशाचे आहे. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर एकट्याने सत्तावीस आवर्तने घेतली. श्रोत्यांतील एक स्त्री उठून नाचू लागली, सगळा समुदाय उसळला, आणि त्या उसळीवर वादन लांबत गेले. पुढे या जलशाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील बराच भाग ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा वाजवून घेतलेला होता, आणि त्यावर श्रोत्यांचा आवाज वेगळा चढविलेला होता. मूळ जलसा बव्हंशी पूर्ववत ऐकावयास मिळाला तो १९९९ च्या आवृत्तीत. ज्यांनी श्रोता काढून टाकला त्यांनाच तो कृत्रिमपणे परत घालावासा वाटला, ही गोष्ट बोलकी आहे.

महामारीत जॅझच्या जगाची हानी भयंकर झाली. २०२० च्या मार्च-एप्रिलमधील अवघ्या काही आठवड्यांत वॉलेस रोनी, एलिस मार्सालिस आणि ली कोनिट्झ हे कोविडने गेले. न्यू ऑर्लिन्सचा प्रसिद्ध महोत्सव २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षे भरला नाही. न्यूयॉर्कमधील ‘जॅझ स्टँडर्ड’ हे स्थान डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद झाले. १९३५ पासून चालू असलेले ‘व्हिलेज व्हॅन्गार्ड’ हे तळघर मार्च २०२० मध्ये मिटले, आणि जूनपासून तेथील रिकाम्या जागेतून वादन प्रक्षेपित होऊ लागले. श्रोते परतले ते सप्टेंबर २०२१ मध्ये. याच तळघरात २५ जून १९६१ रोजी बिल एव्हान्स यांच्या त्रयीचे ध्वनिमुद्रण झाले होते, आणि त्यात पेल्यांची किणकिण व श्रोत्यांची कुजबुज आजही ऐकू येते. २०२० च्या प्रक्षेपणांत ती किणकिण नव्हती. परंतु चार वादक एका जागी उभे होते, एकमेकांचे ऐकत होते. म्हणून त्यांचे संगीत जॅझच राहिले. याउलट जेथे प्रत्येकाने आपापल्या घरी आपला भाग वाजवून पाठविला आणि नंतर ते थर एकावर एक रचले गेले, तेथे प्रश्न आधी आणि उत्तर नंतर हा क्रमच नाहीसा झाला. जॅझला सहवादक श्रोता अनिवार्य, आणि समोरचा श्रोता पोषक, असा या परीक्षेचा निकाल आहे.

या निकालाला मुंबईच्या इतिहासातून एक जुना पुरावा मिळतो, आणि तो आर्थिक व रूपगत अवलंबन वेगळे करण्यास विशेष उपयोगी आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि तेथून या संगीताला शहरात जोर चढला. पुढे ते मुख्यतः गोमंतकीय वादकांच्या हाती आले. स्वातंत्र्यानंतर जुना श्रोतृवर्ग पांगला. १९४९ च्या मद्यनिषेधाच्या कायद्याने नृत्यगृहांचा उरलासुरला आधारही ढासळला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनिओ झेवियर वाझ, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे अनेक जण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करू लागले. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट यांचा हात स्पष्ट ऐकू येतो. या वादकांना काम मिळाले, पैसा मिळाला, संगीतही वाजत राहिले. पण ध्वनिमुद्रणगृहात मोजक्या मिनिटांचे, स्वरलिपीत लिहून ठेवलेले वादन असे. तत्काळ-रचनेला जागा फार थोडी. उत्पन्न शाबूत राहिले आणि रूप मात्र बदलले. म्हणजे श्रोत्याच्या लोपाची झळ पैशाच्या वाटेनेच पोहोचते असे नव्हे. ती रूपाला थेट पोहोचू शकते.

६

आता मराठवाड्याच्या भूमीकडे वळल्यास परीक्षेचा तिसरा निकाल दिसतो. खुलताबाद येथे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. १३३७ मध्ये निवर्तलेले हे चिश्ती संत समा या श्रवणविधीचे कट्टर पुरस्कर्ते होते. ‘समा’ या शब्दाचा अर्थच ऐकणे असा आहे. विधीला नाव गाण्यावरून नव्हे तर ऐकण्यावरून पडले आहे. समामध्ये एखाद्या मिसऱ्यावर श्रोत्याला हाल आला, तर कव्वालाने तोच मिसरा आळवीत राहावयाचा असतो. पुढे जाणे शिष्टसंमत नाही. म्हणजे कोणती ओळ किती वेळा यावी, हे गाणारा ठरवीत नाही. औरंगाबादच्या सिराजांची गझल देशभरच्या कव्वालांच्या गळ्यात आहे. तिचा पाठ कागदावर ठरलेला आहे, पण समामधील तिचा आकार दर खेपेस श्रोताच ठरवितो. राज्यातील प्रार्थनास्थळे टाळेबंदीत मिटली. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला उघडली. मधल्या काळात कव्वालीच्या ध्वनिचित्रफिती ऐकावयास मिळत होत्याच. परंतु ज्याला हाल येऊ शकेल असा श्रोता समोर नसताना झालेल्या गायनास कव्वाली म्हणता येईल. समा म्हणता येणार नाही.

तमाशाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे एकाच प्रयोगाच्या निरनिराळ्या अंगांवर लोपाचा परिणाम निरनिराळा होतो. गण हे देवतेला उद्देशून असते; त्याला समोरचा श्रोता नसला तरी चालते. लावणीचे शब्द व चाल ठरलेली असतात. म्हणून ती ध्वनिमुद्रिकेवर गेली, चित्रपटात गेली, आणि महामारीत पडद्यावरही आली. मात्र फर्माईश, दौलतजादा आणि त्यासाठी नाव घेऊन केलेला पुकारा हे सारे मागे राहिले. वगांच्या ध्वनिफिती निघाल्या व खेडोपाडी ऐकल्या गेल्या. कारण वगाला कथानकाचा कणा असतो. बतावणीचे मात्र तसे नाही. सोंगाड्या ज्या गावात उभा आहे त्या गावाचे नाव घेतो, तेथल्या कारभाऱ्यांना चिमटे काढतो, त्या वर्षीच्या पिकापाण्यावर कोटी करतो, आणि कनातीतून आलेल्या उत्तराला प्रत्युत्तर देतो. हसे किती वेळ टिकते यावर पुढल्या वाक्याआधीचा विराम अवलंबून असतो. हसणारे नसतील तर तो विराम किती धरावा हे ठरविण्याचे मापच राहत नाही. बतावणीचा पाठ असतो. पण तो अर्धाच असतो. उरलेला अर्धा गाव बोलते.

तमाशाच्या परंपरेला ही गोष्ट पूर्वापार उमगलेली होती, असे तिच्या रचनेवरूनच दिसते. शाहिरामागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी’ म्हणून झील धरतात. मराठीत ‘जी’ हा होकाराचा, प्रतिसादाचा उद्गार होय. प्रतिसाद देणारा कायमचा हजर असावा म्हणून या परंपरेने श्रोत्याचा एक प्रतिनिधी रंगमंचावरच उभा केला. गौळणीतील मावशीही कृष्णाशी जितकी बोलते तितकीच समोरच्या गावाशी बोलते. ही योजना मूळ श्रोत्याला पर्याय म्हणून नव्हे; त्याला उसकवण्यासाठी, त्याला त्याचे काम शिकवण्यासाठी आहे.

येथवरच्या विवेचनावरून संगीतरूपांचे तीन वर्ग मांडता येतात. जात्यावरची ओवी श्रोतृनिरपेक्ष आहे. तिला जाते हवे, दाद नको. म्हणूनच ती कोणत्याही साथीने नव्हे, तर पिठाच्या गिरणीने मागे सारली. ख्याल आणि जॅझ श्रोतृपोषित आहेत. त्यांना सहवादक श्रोता अनिवार्य आणि समोरचा श्रोता पोषक आहे. समा आणि तमाशातील बतावणी श्रोतृघटित आहेत. त्यांत समोरचा श्रोता हा रचनेचा अवयवच आहे. महामारीचा आघात सर्वांवर झाला. रूपाचा भंग मात्र तिसऱ्या वर्गातच झाला.

७

यावर एक आक्षेप संभवतो. २०२२ नंतर यात्रा पुन्हा भरल्या, फड पुन्हा निघाले, बतावणी पुन्हा होऊ लागली. तेव्हा हा भंग तात्पुरताच होता, मग त्याचे एवढे स्तोम कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. लोपलेला घटक परत घातला की वाक्य पुन्हा उभे राहते, हे खरे. परंतु वाक्य उभे राहण्यासाठी ते बोलू शकणारी माणसे असावी लागतात. बतावणी कागदावरून शिकता येत नाही. उमेदवार सोंगाड्या ती कनातीसमोरच शिकतो, आणि ज्याचे सलग दोन हंगाम गेले त्याचे शिक्षणही तेवढे गेले. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. त्यांना हंगामापूर्वी उचल द्यावी लागते, आणि त्यासाठी फडमालक स्वतः कर्ज काढतात. हंगाम बुडाला की कर्ज उरते आणि माणसे पोटासाठी अन्यत्र वळतात. शिवाय काही माणसे परत येणारच नव्हती. जागरण-गोंधळाची गाणी ध्वनिफितींतून घरोघर पोहोचविणारे लोकगायक छगन चौगुले मे २०२० मध्ये कोविडने गेले. तुकाराम खेडकर यांच्यासमवेत फड उभा करणाऱ्या आणि पुरुषभूमिकांसाठी नावाजलेल्या कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये त्याच रोगाने गेल्या. चौगुले यांचा आवाज ध्वनिफितींवर आहे. कांताबाईंनी कनातीतल्या हजारोंना कसे हाताळले, हे मात्र ज्यांनी समोर बसून पाहिले त्यांच्याच आठवणीत उरले आहे.

‘दाद’ हा मूळ फारसी शब्द. त्याचा अर्थ न्याय. मराठीत तो दोन दिशांनी चालतो : श्रोता दाद देतो, आणि पीडित दाद मागतो. महामारीत ज्यांची दाद देणारी माणसे नाहीशी झाली, त्यांनाच सरकारदरबारी दाद मागावी लागली. २०२१ मध्ये राज्य शासनाने गरजू कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांचे एकरकमी साह्य ठरविले. त्या रकमेचे मोल उपाशी घराला विचारावे. ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ‘प्रत्येकी’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. कला म्हणजे सुटा कलावंत, ही समजूत त्यात अध्याहृत आहे. श्रोतृघटित कलेत टिकवावयाचा असतो तो फड, यात्रा आणि गाव यांच्यामधला संबंध, आणि तो माणशी वाटून देता येत नाही.

शासनाची ही समजूत विद्यापीठीय संशोधनातही आहे, हे येथे स्पष्टपणे म्हणावयास हवे. लोकसाहित्याचे अभ्यासक वगाच्या संहिता जमवितात, लावण्यांचे पाठ शुद्ध करतात, आणि ध्वनिमुद्रणातील हशा, आरोळ्या, पुकारे ‘व्यत्यय’ म्हणून गाळतात. छापील संहितेत सोंगाड्याचे वाक्य येते. ज्या उत्तराला ते प्रत्युत्तर होते ते उत्तर येत नाही. महामारीने दोन वर्षे जे केले तेच हे संपादन कायमचे करते. उद्या या काळातील संगीताचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा तो उपलब्ध ध्वनिचित्रमुद्रणांवरूनच लिहिला जाईल. आणि मुद्रणे ज्या रूपांना श्रोत्यावाचून उभे राहता येते त्यांचीच अधिक असणार. ‘कला थांबली नाही’ हा निष्कर्ष पुराव्याने सिद्ध झाल्यासारखा दिसेल, कारण जी थांबली तिने पुरावाच मागे ठेवलेला नसेल.

यास्तव मराठवाड्यातील यात्रांत तमाशाचे क्षेत्रीय संशोधन करणाऱ्याने निदान एवढे तरी करावयास हवे : ध्वनिग्राहक दोन असावेत, एक रंगमंचाकडे आणि एक कनातीकडे तोंड केलेला, आणि संहिता उतरवून घेताना गावाच्या तोंडची वाक्ये पात्रांच्या वाक्यांइतक्याच काळजीने, त्यांच्या नेमक्या जागी, लिहून घ्यावीत. बतावणीचे पहिले संपूर्ण संपादन अशा रीतीने झाले, तर त्यातील पात्रांच्या यादीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांच्या जोडीला त्या गावाचे नाव घालावे लागेल.